जानू तांडेलाची राखीव बॅटरी

नवापूरच्या बंदरावर जानू तांडेलाला कुणी म्हातारा म्हटलेलं चालत नसे. म्हणणाऱ्याला तो आधी त्याच्या बापाचं वय विचारी, मग त्या बापाला पहिल्या फेरीत समुद्र कसा लागला होता ते चारचौघांत सांगी, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर हातात असेल ते फेकून मारी. हातात बहुतेक वेळा विडी असे, म्हणून कुणी जखमी झाल्याचं ऐकिवात नाही.

होडी कुणाच्याही मालकीची असो, ती एकदा पाण्यात गेली की हुकूम तांडेलाचा. वारा त्याने ओळखायचा, जाळं कुठे टाकायचं ते त्याने ठरवायचं आणि सुकाणू त्याच्या हातात. जानूने जन्मभर हे केलं. मग थोरल्या पोराने, दामूने, होडीला इंजिन बसवलं आणि एका सकाळी बापाला म्हणाला, "बाबा, आता तुमी आराम करा."

आराम ही शिवी आहे हे जानूला तेव्हा कळलं. एक अख्खा हंगाम तो किनाऱ्यावर जाळी शिवत बसला. येणारी-जाणारी पोरं विचारत, "काय तांडेलबाबा, आराम काय?" आणि विड्या उडत.

अशा वेळी चिंचणीचे रामनाथशेठ सावे देवासारखे धावून आले. शेठची केळीची वाडी, पानवेली, चिकूची झाडं. माणूस कलमं बांधण्यात पटाईत. कशावरही काहीतरी बांधून बघायचं, ही त्याची खोड. त्याने मुंबईच्या दारूखान्यातून, जुनी जहाजं मोडतात तिथून, एक छोटं इंजिन उचलून आणलं, ते एका छोट्या होडीत बसवलं, होडीला आकाशी रंग दिला, वर कापडी छत घातलं, बसायला गाद्या केल्या आणि पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, बायकोचं नाव लिहिलं : जयवंती.

होडी नवापूरच्या बंदरावर आली तेव्हा अख्खा कोळीवाडा बघायला जमला. जाळं नाही, मासे ठेवायला जागा नाही, गाद्या मात्र आहेत. नव्या दमाचा एकनाथ तांडेल पुढे झाला. त्याची स्वतःची इंजिनाची होडी होती, आणि जीभ त्या इंजिनापेक्षा जास्त चाले.

"शेठ, मासे नाय पकडायचे तर समुद्रात जायचं कशाला?"

"हवा खायला."

"ती हितं फुकट हाय की!"

लोक हसले. शेठही हसले. हसला नाही तो फक्त जानू, कारण शेठनी त्याला होडीचा तांडेल नेमलं होतं, आणि तांडेल आपल्या होडीवरच्या विनोदाला हसत नसतो.

एक अडचण मात्र होती. कोळ्यांच्या होडीत बाई पाय ठेवत नाही, हा नेम. आणि ही होडी तर शेठनी बायकोला फिरवायलाच घेतलेली. जानूने दोन विड्या ओढून तोडगा काढला. "जाळं नाय, म्हंजे मासेमारीची होडी नाय. मासेमारीची नाय, तर नेम लागू नाय. बसा शेठाणीबाय."

हे घरी लाडकीने ऐकलं. लाडकी जानूची बायको. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची, गिऱ्हाईक आणि नवरा दोघांनाही एकाच मापाने मोजायची.

"नेम लागू नाय ना? मंग मी पन येते एक दिस."

"तू? तू तांडेलाची बायको. लोकं काय म्हनतील?"

"शेठानीला काय म्हनतात?"

अडचणीचा प्रश्न आला की जानू वारा बघायला बाहेर जाई. त्या दिवशी त्याने वारा बराच वेळ बघितला.

शेठच्या इंजिनाची एक गंमत होती. चावी फिरवली की बॅटरीच्या जोरावर सुरू व्हायचं. हाताने फिरवायचा दांडा दारूखान्यातून येता येता कुठेतरी हरवला होता. म्हणजे बॅटरी बसली की इंजिन बसलं, आणि मग ती गाद्यांची होडी म्हणजे नुसता तरंगता पलंग. पहिल्याच आठवड्यात खाडीच्या तोंडाशी चावी दोनदा फिरवूनही इंजिनाने नुसता खोकला काढला. एकनाथची होडी बाजूनेच चालली होती. त्याने लगेच दोराचं वेटोळं हातात घेतलं.

"तांडेलबाबा, टाकू काय दोर? पाळना ओढून नेतो!"

तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं म्हणून वाचलं. पण दोरामागे बांधून येणं ही कुठल्याही तांडेलाची नाचक्की, आणि जानूचं तर उरलंसुरलं तांडेलपणच त्या आकाशी होडीत होतं. किनाऱ्याला लागताच त्याने नारळ मागवला, सगळ्यांदेखत फोडला आणि गरजला, "ऐका रं. ज्या दिवशी माजी होडी दुसऱ्याच्या दोरामागं येल, त्या दिवसापासनं सुकाणूला हात लावनार नाय. मरंस्तोवर जाळी शिवीन!"

नारळ फुटला तो फुटला. आता शब्द मागे घेता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो चिंचणीला शेठच्या ओटीवर हजर. "शेठ, एक बॅटरी राखीव पायजे."

शेठचे डोळे चमकले. विकत घेण्याआधी काहीतरी बांधून बघायची संधी आली होती. त्यांनी एक लांब बांबू कापला, आतल्या गाठी फोडल्या, त्यात टॉर्चचे सेल एकावर एक भरले आणि दोन्ही टोकांना तारा काढल्या. बांबू होडीवर आणला. तारा दिव्याला लावल्या तर दिवा झगझगीत पेटला. शेठनी जानूकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग तारा इंजिनाला लावल्या. इंजिन हूं की चूं नाही. उलट बांबू गरम झाला.

"शेठ," जानू म्हणाला, "ह्या बांबूनं इंजिन सुरू व्हायचं ते एकाच रीतीनं."

"कोणत्या?"

"त्यानं इंजिनाला मारून."

शेवटी दोघे बोईसरला गेले. त्या दिवसांत बोईसर स्टेशनवर नुसती झुंबड. तारापूरला अणुविजेचं केंद्र उभं राहत होतं. त्याचं सामान तिथे उतरायचं, लॉऱ्या धुरळा उडवत जायच्या, देशोदेशीची भाषा चहाच्या टपरीवर ऐकू यायची. नवापुरात मात्र रॉकेलची चिमणी. शेजारी विजेचा डोंगर उभा राहत होता हे खरं. पण शेजारी हलवाई राहायला आला म्हणून कुणी तोंडात पेढा आणून घालत नाही. ज्याला वीज हवी त्याने ती डबीत भरून आणायची, आणि डबीत भरून देणारा होता स्टेशनाजवळचा तात्या.

तात्याचं दुकान म्हणजे चार पत्रे, मागे खडखडणारं एक डिझेल इंजिन आणि पुढे फळीवर ओळीने चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. तात्या बोलायला लागला की इंजिन बंद पडल्यासारखं वाटे, एवढा आवाज. गिऱ्हाइकाचे कपडे बघून तो मराठी की हिंदी ते ठरवी. जानूची लंगोटी आणि लाल टोपी बघून त्याने मराठी काढली.

"कशासाठी पाहिजे? लॉरी का रेडिओ?"

"होडी."

"होडीला मोठी लागते. ही बघा, ठेकेदाराच्या डंपरची. जुनी आहे, पण धिप्पाड."

जानूने ती बॅटरी मासळी पारखावी तशी पारखली. वाकून वास घेतला, बोटाने टिचकी मारली, कडेला जमलेला पांढरा थर खरवडून पाहिला. "शिळी हाय," तो म्हणाला. "हिचे डोळे बसलेत."

"बॅटरीला डोळे नसतात हो."

"म्हनून तर तुमाला दिसले नाय."

मग तात्याने मोटारसायकलची एक छोटी बॅटरी दाखवली. शेठना ती आवडली, कारण ती सुपारीच्या चंचीएवढी होती. जानूने ती एका हातात झेलली. "ही कोलंबी झाली. इंजिन काय कोलंबीवर जेवनार?"

तात्या चिडला. फळीखालून त्याने एक कोरी करकरीत बॅटरी ओढून काढली. "ही घ्या. नवीन. पण किंमत नवी सांगणार."

जानूने ती उचलली. पाठीत कळ आली, पण चेहऱ्यावर आली नाही. वजन चांगलं होतं. ज्यात वजन असतं ते समुद्रात टिकतं, हा त्याचा आयुष्यभराचा हिशोब. "हीच," तो म्हणाला. शेठनी उसासा सोडला आणि कनवटीला हात घातला.

तात्याने निघताना बजावलं, "हिला आडवी करू नका, आतलं तेजाब सांडेल. आणि महिन्यातून एकदा इथे आणायची. पाणी बघायचं, चार्ज करायची. वापरा नाहीतर वापरू नका, आणायचीच. नुसती बसून राहिली की मरते."

जानू थबकला. "बसून मरते?"

"बसूनच मरते."

"ही तुज्या धंद्याची खोड. दर महिन्याला गिऱ्हाईक दारात!" जानूने बोट रोखलं. "अरे, वस्तू वापरून मरते. आमच्या घरी राखीव दोर हाय. माज्या बापानं वळलेला. आढ्याला टांगून ठेवायचा, गोणपाटात गुंडाळायचा, मीठ-पाणी लागू द्यायचं नाय, हात लावायचा नाय. ऐन वादळात काढला तेव्हा नांगर धरून राहिला. का? का तर त्यानं आराम केला होता!"

तात्या म्हणाला, "दोर वेगळा, बॅटरी वेगळी."

"समुद्र एकच हाय ना?"

तात्याने हात जोडले.

त्या दिवसापासून राखीव बॅटरी जानूच्या घरात देव्हाऱ्याखाली राहू लागली. गोणपाटात गुंडाळलेली, वर तांडेलाची गाठ. ती गाठ बंदरावर दुसऱ्या कुणाला सुटत नाही, अशी त्याची खात्री. शेठची फेरी असेल त्या दिवशी तो ती खांद्यावरून होडीत नेई, नाळेखाली ठेवी आणि संध्याकाळी तशीच, न सोडता, परत आणी. तिच्यातला विजेचा एक थेंबही त्याने वाया जाऊ दिला नाही. लाडकीला ताकीद होती, "हिला हात लावायचा नाय. ती आराम करते."

"करू दे बिचारी," लाडकी म्हणे. "घरात कुणीतरी करू दे."

पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारल्या. जयवंतीही झावळ्यांखाली गेली. जानू दिवसभर तिच्याशेजारी राखणीला बसे. घरी बॅटरी देव्हाऱ्याखाली, इथे तो झावळ्यांखाली. त्या पावसात एवढंच नवल झालं की लाडकीच्या लुगड्याच्या पदराला बारीक बारीक भोकं पडायला लागली. डोक्यावरच्या पाटीखालची चुंबळही चाळणी झाली. जानू म्हणाला, उंदीर असतील. लाडकी म्हणाली, असतील. आणि फारच लवकर गप्प बसली, जे तिच्या स्वभावात नव्हतं. पण जानूचं लक्ष उंदरांकडे होतं.

नारळीपुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या. दसऱ्याच्या सुमारास शेठकडे नवे व्याही आणि विहीणबाई पाहुणे म्हणून आले. त्यांना समुद्रातून तारापूरच्या केंद्राची ती उंच चिमणी बघायची होती. शेठनी मधल्या काळात होडीवर अजून दोन कलमं बांधली होती: एक मोटारीचा भोंगा आणि छताखाली एक छोटा पंखा. दोन्ही इंजिनाच्या बॅटरीवर.

ऊन कलायच्या आधी निघाले. व्याही भोंग्याच्या प्रेमात पडले. बगळा दिसला, वाजव. होडी दिसली, वाजव. काही दिसलं नाही, वाजव. चिमणी समोर आली तेव्हा शेठनी इंजिन बंद करायला लावलं, नांगर टाकला, जयवंतीबाईंनी डबे सोडले. विहीणबाईंना उकडत होतं, म्हणून पंखा. व्याही एका हातात पुरी धरून दुसऱ्या हाताने भोंगा वाजवत राहिले. हळूहळू भोंग्याचा आवाज बैलासारखा, मग वासरासारखा, मग मांजरासारखा झाला. पंखा मुकाट थांबला.

जेवणं झाली. शेठनी ऐटीत चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. बस्स.

ओहोटी लागली होती. पाणी होडीला खडकांच्या बाजूला ओढत होतं आणि नांगर वाळूत घसरत होता. दोन वल्ही होती. पण त्या ओहोटीविरुद्ध दोन वल्ही म्हणजे वादळापुढे पंखा. जयवंतीबाईंनी डब्याचं झाकण छातीशी धरलं. व्याही भोंग्यापासून जरा लांब सरकले.

आणि एकनाथची होडी परतताना दिसली. नाळेवर एकनाथ उभा, हातात दोराचं वेटोळं, आणि दात उन्हात चमकत होते.

"तांडेलबाबा! टाकू?"

"थांब!" जानू ओरडला.

"खडप जवळ हाय बाबा! पाहुणे हायत!"

"थांब म्हनतो ना!"

त्याने नाळेखालून गोणपाट ओढलं, दातांनी गाठ सोडली, जुन्या बॅटरीच्या तारा काढून राखीव बॅटरीला लावल्या. तारा आवळता आवळता तो बॅटरीलाच शिव्या देत होता. मनात त्याने नवस बोलला, आणि त्याबरोबर हेही ठरवलं की एकदा फिरवायची. एकदाच. नाही लागलं तर दोर घ्यायचा. माणसं होडीत आहेत, आपली शपथ त्यांच्यापेक्षा मोठी नाही. एका फिरकीत काय ते होऊन जाऊ दे: उद्यापासून सुकाणू, नाहीतर जाळी.

चावी फिरली. इंजिन असं धडधडलं की एकनाथच्या होडीवरचा कावळा उडाला.

जानू सुकाणूवर बसला. एकनाथच्या अगदी जवळून होडी नेत त्याने व्याह्यांना सांगितलं, "आता वाजवा!"

त्या दिवसानंतर नवापुरात जानू तांडेलाशी बोलणं कठीण झालं. तो कुठल्याही विषयावरून बॅटरीवर येई. कुणाच्या पोरीचं लग्न निघालं की म्हणे, घाई नको, राखीव वस्तू आराम करू द्यावी. बंदरावर बसून त्याने उपदेश चालू केला: "चार्जिंग, पाणी, सगळी त्या तात्याची लबाडी. गुंडाळा आनि इसरा! माजी वरीसभर निजली, आनि उठली ती गर्जत उठली!"

आणि लोकांनी ऐकलं. डोळ्यांनी पाहिलं होतं, का नाही ऐकणार? इंजिनवाल्या होड्यांसाठी ज्यांनी ज्यांनी दुसरी बॅटरी घेतली होती, त्यांनी ती गोणपाटात बांधून आढ्याला टांगली. खुद्द एकनाथने टांगली. वर येऊन म्हणाला, "तांडेलबाबा, तुमची गाठ शिकवा." जानूला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

एवढं यश एकट्याच्या पोटात मावेना. तात्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडेना. मंगळवारी तो एसटीने बोईसरला गेला आणि दुकानात चार गिऱ्हाइकं आहेत हे बघूनच आत शिरला.

"काय तात्या! बसून मरते काय? वरीस झालं. एकदा तरी आनली काय मी तुज्याकडे?"

तात्या वायर सोलत होता. "तुम्ही नाही आणली."

"मंग?"

"तुमची बायको आणते की. दर महिन्याला. पाटीत खाली बॅटरी, वर बोंबील, बॅटरी उभीच्या उभी. मी म्हटलं, वा, तांडेल माणूस शब्दाचा पक्का." तात्याने वर पाहिलं. "चार्जिंगचे पैसे पण नाहीत, बोंबील देते. माझ्या दुकानाला आता वासावरून पत्ता विचारत येतात लोक. तिच्या लुगड्यावर तेजाब उडतं, सांभाळायला सांगा."

चारही गिऱ्हाइकं हसली. एक लॉरीवाला म्हणाला, "बॅटरी बैठी कहाँ, चाचा? बीवी ने बैठने ही नहीं दिया!"

जानूच्या हातात विडी होती. तो ती फेकायची विसरला. विडी विझली.

घरी आला तेव्हा लाडकी वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. एकेका बोंबलाचा जबडा दुसऱ्यात अडकवून जोडी बांबूवर टाकायची, हात चालूच.

"गो लाडके. पदराला उंदीर किती हायत?"

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "तात्यानं सांगितलं वाटतं. त्या मेल्याला एवढे बोंबील चारले, तरी पोटात काय राहत नाय."

"का नेत होतीस? मला सांगून का नाय नेलीस? मला वाचवायला?"

"तुमाला?" लाडकी खरंच चकित झाली. "नाय वो. आमाला रेडिओ ऐकायचा होता."

मग सगळं बाहेर आलं. शेजारच्या शकूच्या नवऱ्याने आगबोटीवरून एक मोठा रेडिओ आणला होता, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. त्याची बॅटरी मेली आणि रेडिओ कपाटासारखा पडून राहिला. जानू दुपारी होडीच्या राखणीला गेला की लाडकी देव्हाऱ्याखालून बॅटरी काढायची, पाटीत घालून शकूकडे न्यायची, आणि आळीतल्या बायका मासे साफ करता करता गाणी ऐकायच्या. ऐकून ऐकून आवाज बारीक झाला की आपण पकडले जाऊ या भीतीने ती बोईसरला नेऊन भरून आणायची.

"आनि माजी गाठ?"

"ती व्हय? जन्मभर तुमची फाटकी जाळी कुनी शिवली? तसल्या गाठी मी गप्पा मारताना सोडते."

जानू वलांडीखाली मटकन बसला. दोन गोष्टी त्याला एकदम कळल्या. एक, ज्या बॅटरीच्या जिवावर त्याचं तांडेलपण वाचलं ती एक दिवससुद्धा आराम करत नव्हती. ती गात होती. आणि दुसरी, गावातल्या आढ्यांना टांगलेल्या बॅटऱ्या मात्र खरोखर आराम करत होत्या. त्याच्या शब्दावर.

गप्प बसणं सोपं होतं. तात्या कोळीवाड्यात येत नव्हता, लाडकी बोलणार नव्हती. पण एकनाथ पहाटे खोल पाण्यात जायचा, त्याच्याबरोबर माणसं असायची, आणि अडला तर त्याच्या होडीत जे निघणार होतं ते जानूच्या गाठीत बांधलेलं मढं होतं. जानूने तीन वेळा वारा बघितला. तिन्ही वेळा वारा तोच होता.

संध्याकाळी होड्या लागल्या तेव्हा तो बंदरावर उभा राहिला. "एकनाथा! सगळे हिकडं या. आढ्यावरच्या बॅटऱ्या उतरवा. उद्याच्या बाजाराला बोईसरला न्या. आनि दर महिन्याला न्यायच्या."

एकनाथ दोर गुंडाळत होता. "आँ? आनि आराम?"

"आरामानं मरते ती."

"तुमची तर वरीसभर निजली होती ना?"

जानूच्या मानेची शीर फुगली. अख्खं बंदर त्याच्याकडे बघत होतं. "नव्हती निजली!" तो ओरडला, जसं काही एकनाथनेच तिला उठवलं होतं. "लाडकी नेत होती ती भरायला! मला ठावं नव्हतं! झालं समाधान? शपथ मोडली नाय, दोरामागं आलो नाय, सुकाणू माजंच ऱ्हानार. पन बॅटरीचं काय इचारायचं ते तिला इचारा. बॅटरीची तांडेल ती!"

आधी एकनाथ हसला, आणि मग जे सगळे हसले ते पार खालच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. जानूने विडी फेकली. लागली ती बरोबर एकनाथच्या कपाळाला. एकनाथने विडी उचलली, फुंकून वाळू झाडली आणि परत आणून दिली. "उद्या लाडकीबायसोबत माजी पन पाठवतो," तो म्हणाला. "बोंबील माज्याकडनं."

दुसऱ्या रविवारी जानू शेठकडे जाऊन म्हणाला, "होडी नुसती उभी ऱ्हायली की खराब होते. एक फेरी मारून आनतो." शेठनी बॅटरीची सगळी हकीकत ऐकली होती. ते एवढंच म्हणाले, "माणसं कोण?"

"हायत दोघी."

लाडकी नवं लुगडं नेसून आली. शकू रेडिओ घेऊन आली. होडीत पाय ठेवताना लाडकीने नाळेला हात लावून नमस्कार केला आणि मग शेठाणीच्या गादीवर अशी बसली की गादी तिच्याच घरची असावी. राखीव बॅटरी रेडिओला लावली. जानूने सुकाणू धरलं आणि समोर बघत राहिला. तांडेल आपल्या होडीवरच्या गाण्याला मान डोलवत नसतो.

खाडीच्या तोंडाशी एकनाथची होडी आडवी आली. त्याने सवयीने दोराचं वेटोळं वर केलं.

"तांडेलबाबा, टाकू काय?"

जानू तोंड उघडणार, एवढ्यात लाडकीने हात लांब करून भोंगा वाजवला. बैलासारखा.